चार वाजताचा आवाज

आमच्या घरात दुपारी चार वाजता झोपणं अशक्य होतं. आतल्या खोलीत माझे सासरे त्या वेळेला कॉम्प्युटर चालू करायचे आणि पुढचा तासभर चार म्हातारे एकमेकांवर ओरडायचे. भांडण नसायचं, गप्पा असायच्या. नवीन भाडेकरू आला की जिन्यात हमखास विचारायचा, "तुमच्याकडे काही प्रॉब्लेम आहे का?" मी म्हणायची, "हो, मैत्री."

चौघंही अंबडच्या एका कारखान्यात प्रेसशॉपमध्ये एकाच पाळीत होते. तिथला आवाज मी एकदाच ऐकलाय, घरच्यांना कारखाना दाखवायला नेलं होतं तेव्हा. पत्र्यावर प्रेस आपटायचा आणि पायाखालची फरशी हलायची. बाहेर आल्यावर मला बराच वेळ माझंच बोलणं लांबून आल्यासारखं वाटत होतं. या माणसांनी त्यात उभी हयात काढली. कानात घालायला बोंडं मिळायची, पण ती घातली की मशीनची कुरकुर ऐकू येत नाही, म्हणून खिशात ठेवायचे. निवृत्त होताना प्रत्येकाला कंपनीने एक भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि प्रत्येकाने आपले कान तिथेच ठेवून दिले.

बाबांचा, म्हणजे सासऱ्यांचा, उजवा कान पूर्ण गेलेला, डावा निम्मा. कानात घालायचं यंत्र आणलं होतं, ते त्यांनी थोडे दिवस वापरून डबीत ठेवलं. "सगळंच ऐकू येतं, पाहिजे तेवढं सोडून," हा त्यांचा निकाल. टीव्हीचा आवाज ते मागतच नाहीत, खालची पट्टी वाचून बातम्या समजून घेतात. आमच्याशी बोलताना तोंडाकडे बघतात. फोन मात्र त्यांच्या आवाक्याबाहेर गेला होता, आणि फोन गेला तसे मित्रही लांब जायला लागले होते. मग माझ्या नवऱ्याने ऑफिसमधून मोडीत निघालेला एक डेस्कटॉप आणला, त्याला लग्नाच्या वरातीत शोभतील असे दोन स्पीकर जोडले, आणि व्हिडिओ कॉल कसा लावायचा ते शिकवलं. बाबा म्हणाले होते, "आतलं नको सांगू. कोणता दांडा ओढला की काय होतं, तेवढं सांग." आठवड्याभरात ते बाकीच्या तिघांना शिकवत होते.

एक मित्र पंचवटीतले. त्यांच्या मागे सतत भाजीवाल्याची आरोळी आणि रिक्षाचा भोंगा. दुसरे अजून अंबडलाच राहतात. तिसरे निवृत्तीनंतर गावी गेले, सटाण्याच्या बाजूला, डाळिंबाच्या बागेत. ते बोलायचे कमी, हसायचे फार. गावाकडचं नेटवर्क कच्चं, त्यामुळे त्यांचं हसू नेहमी जरा मागून यायचं. बाकीचे हसून गप्प झाले, की मग एकटे ते खदाखदा. आम्ही घरात त्यांना 'मागून येणारे काका' म्हणायचो. पहिली पाळी सुटल्यावर कँटीनमध्ये चौघं चहा प्यायचे, ती वेळ त्यांनी कॉम्प्युटरवरही सोडली नाही. आपापल्या घरचा कप समोर धरायचा आणि सुरू करायचं.

प्रेसशॉपची अजून एक गोष्ट बाबांनी घरी आणली होती. तिथे ओरडून उपयोग नसायचा, म्हणून ते लोक हातांनी बोलायचे. एक बोट हवेत गोल फिरवलं की मशीन चालू. पंजा आडवा कापल्यासारखा नेला की बंद. बशी धरल्यासारखा हात तोंडाशी नेला की चहा. गळ्याशी टायची गाठ आवळली की साहेब येतोय, नीट उभे राहा. मी नवी सून म्हणून आले तेव्हा सासूबाईंनी स्वयंपाकघरातून पंजा आडवा नेला, बाबा उठून गेले आणि गॅसचं सिलिंडर बदलून आले. दोघांत एक शब्द झाला नाही. माझ्या माहेरी असल्या कामासाठी निदान तीन माणसं बोलली असती. सासूबाई गेल्या आणि घरातले ते हात थांबले.

दसऱ्याला बाबा हत्यारांची पूजा करतात, आणि ती ते घाईत उरकत नाहीत. कारखान्यात प्रत्येक प्रेस धुऊन, पुसून, झेंडूची माळ घालून पुजायची पद्धत होती, ती त्यांच्या अंगात मुरलेली. त्यांचे पाने, स्क्रू ड्रायव्हर, माझी विळी, मिक्सर, नवऱ्याची मोटरसायकल, सगळ्यांना हळदकुंकू, अक्षता, आपट्याचं पान. कॉम्प्युटरला तर सगळ्यांत जास्त, कारण तो रोज उपयोगी पडतो. या दसऱ्याला त्यांनी त्याच्या डब्यावर मूठभर अक्षता वाहिल्या आणि हात जोडून बराच वेळ उभे राहिले. मी मागून म्हटलं, "बाबा, गाडीवर एवढं प्रेम नाही हो तुमचं." ते म्हणाले, "गाडी तुझ्या नवऱ्याला नेती. हा मला नेतो."

दसऱ्याची सुट्टी संपून शाळा सुरू झाली. मी सातपूरच्या एका शाळेत शिकवते, संध्याकाळी घरी येते, आणि रविवारी कारखान्यासारखी त्यांच्या कॉललाही सुट्टी असते, त्यामुळे चारच्या वेळेला घरात काय होतं ते मला दिवाळीची सुट्टी लागेपर्यंत कळलं नाही. सुट्टीच्या पहिल्या दुपारी मी आडवी झाले आणि चक्क झोपले. दुसऱ्या दिवशीही झोपले. मला इतकं बरं वाटलं, की शंका यायचं सुचलंच नाही. ती खालच्या मजल्यावरच्या काकूंना आली. चकलीचा सोऱ्या मागायला आल्या आणि दारातच म्हणाल्या, "आजोबांची तब्येत बरी आहे ना? हल्ली वरून काहीच येत नाही. मला तर घड्याळ बघायची सवय राहिली नव्हती."

त्या गेल्या तेव्हा चार वाजून गेले होते. मी आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिले. कॉम्प्युटर चालू होता. पडद्यावर तिन्ही मित्र होते, तोंडं हलत होती, पंचवटीचे काका हात नाचवून काहीतरी रंगात सांगत होते, आणि खोलीत चिडीचूप. बाबा हातात कप धरून समोर बसले होते. ते मान डोलावत होते. मधेच अंबडचे काका हसले, बाबांनी ते पाहिलं आणि तेही हसले. तो चेहरा मी ओळखत होते. वर्गात काही न कळलेलं मूल सगळ्यांबरोबर हसतं, तेव्हा ते असंच दिसतं.

कॉल संपेपर्यंत मी थांबले. मग त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन, तोंड समोर धरून विचारलं, "बाबा, आवाज बंद का ठेवलाय?"

"बंद नाय. चालू हाय."

"मग ऐकू कुठे येतंय?"

ते माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "हां. मला नाय येत. दसऱ्यापासनं गेलंय सगळं." त्यांनी डाव्या कानाजवळ पंजा आडवा नेला. "डॉक्टर बोललेच होते, हळूहळू जाईल म्हणून. एवढं मोठं तर घरात दुसरं काय वाजत नाय, आणि तुमचं बोलणं तोंडावरनं कळतं अजून. त्यांचं ह्या चौकटीत नाय कळत. दिवाळी झाली की पोराला सांग, हा डबा कोणाला तरी देऊन टाक. मी त्यांना सांगतो, मला जमत नाय आता."

मला रडू येईल असं वाटलं, आणि रडू यायला लागलं की मला आधी राग येतो. एवढे दिवस हा माणूस रोज चार वाजता त्या मुक्या पडद्यासमोर कप धरून बसला, आणि घरात कोणाला अवाक्षर बोलला नाही. मी म्हटलं, "बाबा, मलासुद्धा काही ऐकू येत नव्हतं. आवाजच नव्हता. कॉम्प्युटर बिघडलाय."

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "राहू दे पोरी," म्हणाले. मी त्यांची समजूत काढतेय असं त्यांना वाटलं होतं.

मी एक बँडचा व्हिडिओ लावला, आवाज पूर्ण वाढवला. पडद्यावर माणूस जीव खाऊन ढोल बडवत होता, आणि मला भिंतीवरच्या कंपनीच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण डोळ्यांत विश्वास नव्हता. मग मी त्यांचा हात धरला, स्पीकरची पुढची जाळी काढली आणि त्यांची बोटं आतल्या काळ्या पडद्यावर ठेवली. हे मी हुशारीने केलं असं नाही. त्यांना पंख्याला, मिक्सरला, पाण्याच्या मोटरीला हात लावून बघताना इतक्यांदा पाहिलं होतं, की हात आपोआप तिकडे गेला.

बाबांची बोटं तिथे थांबली. त्यांनी डोळे मिटले. ढोलवाला बडवत होता. बाबांनी दुसऱ्या स्पीकरवर बोटं ठेवली आणि तिथेही तेवढाच वेळ थांबले.

"ह्यात जीवच नाय," ते म्हणाले. आणि मग ताठ बसले. त्यांची पाठ सरळ होताना मी पाहिली, आणि तेव्हा कळलं की ती किती दिवस वाकलेली होती.

मी म्हटलं, "कारखान्यात मशीन थांबलं की तुम्ही आधी मशीन बघायचात की स्वतःला डॉक्टरकडे न्यायचात?"

"मशीन चांगलं होतं ग. जुना पार्ट मीच होतो," ते म्हणाले. हे त्यांनी विनोद म्हणून सांगितलं नाही, म्हणून मी पुढे चिडवलं नाही.

मग आम्ही दोघं कामाला लागलो. मी पडद्यावर, ते तारांवर. स्पीकरचा दिवा लागत होता. मागची हिरवी पिन त्यांनी काढली, पुसली, पुन्हा बसवली. मी कॉम्प्युटर बंद करून चालू केला. दोष शोधणारी जी सोय त्यातच असते ती चालवली. तिने बराच वेळ गोल गोल फिरून सांगितलं की काहीच दोष नाही. बाबांनी विचारलं, "काय म्हणतंय?" मी सांगितलं. ते म्हणाले, "आमचा एक सुपरवायझर असाच होता."

शेवटी मी आवाज चालवणारा प्रोग्राम, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, तो काढून टाकला, कुठेतरी वाचलं होतं म्हणून. त्याबरोबर स्पीकरच्या चित्रावर लाल फुली आली, आणि या कॉम्प्युटरला आवाजाचं साधनच नाही, असं इंग्रजीत लिहून आलं. बाबांनी तोंडाकडे बघून ओळखलं, आणि बशी धरल्यासारखा हात ओठांशी नेला. सासूबाई गेल्यानंतर ती खूण घरात पहिल्यांदाच झाली. मी चहा टाकला. चहा पिऊन झाल्यावर कॉम्प्युटर पुन्हा चालू केला, तर ड्रायव्हर आपला आपण परत बसलेला. आवाज मात्र नाही.

"आता एक सांग," बाबा म्हणाले. "आवाज तयार होतोय का? का तयार होऊन दुसरीकडंच चाललाय?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता. मी आवाजाच्या साधनांची यादी उघडली. स्पीकर म्हणून जे होतं ते निपचित. त्याच्या खाली हेडफोन असं लिहिलेलं, आणि त्याच्यापुढची हिरवी पट्टी ढोलाबरोबर वरखाली नाचत होती. मी त्यांना ती दाखवली. "बाबा, सगळा आवाज हेडफोनला चाललाय. पण आपल्याकडे हेडफोनच नाही."

बाबा त्या नाचणाऱ्या पट्टीकडे बघत राहिले. "प्रेसला जाळीचं दार असतं," ते सावकाश म्हणाले. "दार लागलं की एक बारीक स्विच दाबला जातो, मग मशीनला कळतं की दार लागलंय. त्या स्विचवर कचरा बसला ना, की दार उघडं असलं तरी मशीन म्हणतं लागलंय. ह्यालाबी वाटत असंल, हेडफोन लागलाय. तो कुठं खुपसतात ते दाव."

ते भोक डब्याच्या माथ्यावर होतं, आकाशाकडे तोंड करून. मी मोबाइलचा टॉर्च धरला. बाबांनी चष्मा वर सरकवून एक डोळा लावला, मग बाजूला होऊन मला बघायला सांगितलं. आत लाल काहीतरी होतं.

मी लगेच सुई आणायला निघाले, तर त्यांनी पंजा आडवा नेला. आधी बंद. कॉम्प्युटर बंद केला, बटण बंद केलं, मागची वायर उपसली आणि ती वायर त्यांनी गुंडाळून सदऱ्याच्या खिशात कोंबली. प्रेसमध्ये हात घालायचा तर फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचा, म्हणजे दुसरा कोणी चुकून चालू करू शकत नाही. खोलीत आम्ही दोघंच होतो. तरी ती काळी वायर खिशातून लोंबत असताना त्यांच्या चेहऱ्यावर असा निर्धास्तपणा आला, की मला त्यांना तरुणपणी पाहता आलं नाही याचं वाईट वाटलं.

सुईने ते आणखी आत गेलं असतं. सासूबाईंच्या शिवणाच्या डब्यातून बाबांनीच क्रोशाची बारीक सुई काढली, तिच्या टोकाला आकडा असतो ती. मी टॉर्च धरला. ते श्वास रोखून काम करत होते. हात थरथरतो एरवी त्यांचा, चमचा धरतानाही थरथरतो. तेव्हा थरथरला नाही. थोड्या वेळाने त्यांनी तळहात माझ्यापुढे धरला. त्यावर कुंकवात बुडालेला तांदळाचा एक दाणा होता.

आम्ही दोघंही त्या दाण्याकडे बघत राहिलो. मग मी म्हटलं, "बाबा, भरपूर वाहिल्या होत्यात अक्षता."

"देव पावला म्हणायचं," ते म्हणाले आणि इतके हसले, की खोकला लागला. दाणा मात्र त्यांनी टाकला नाही, उठून तुळशीत ठेवून आले.

वायर खिशातून बाहेर आली, कॉम्प्युटर चालू झाला, आणि मी ढोलाचा आवाज पूर्ण वाढवून ठेवला होता हे विसरले. पहिला ठोका पडला तेव्हा खिडकीची काच थरथरली. खालून काकूंनी दार उघडल्याचा आवाज आला. बाबा खुर्चीत बसून होते, डावा कान पुढे करून, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी ते पुसलं नाही. मीही आवाज कमी केला नाही.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी मुद्दाम त्यांच्या खोलीत लाडवाचं बेसन निवडायला घेऊन बसले असते, पण बेसन निवडत नाहीत, म्हणून शेंगदाणे घेऊन बसले. तिघं मित्र आले. नेहमीचा ओरडा सुरू झाला. बाबांनी त्यांना दाण्याची गोष्ट सांगितली, आणि लपवलं काहीच नाही. इतके दिवस मी तुमची तोंडं बघून खोटं हसत होतो, मला वाटलं माझं संपलं, असं सरळ सांगून टाकलं. पंचवटीचे काका पोट धरून हसले. अंबडचे काका म्हणाले, "म्हणून तू माझं सगळं मान्य करत होता होय रे. मला वाटलं, शहाणा झाला."

सटाण्याचे काका मागून हसले.

बाबा बोलता बोलता थांबले. पडद्यावरच्या त्या एका चौकटीकडे ते निरखून बघायला लागले. मग त्यांनी काही न बोलता स्वतःच्या कानाला हात लावला, पंजा आडवा नेला, आणि बोट त्या चौकटीकडे करून भुवया उंचावल्या. बंद?

सटाण्याच्या काकांचं हसणं तिथल्या तिथे थांबलं. मग त्यांनीही कानाजवळ पंजा आडवा नेला. "बंद शे," ते म्हणाले. ज्याला स्वतःचं ऐकू येत नाही त्याच्यासारखा, फार मोठा आवाज होता तो. "कधीचाच बंद शे. मी ते तुमना तोंडं देखाले येस."

नुसती तोंडं बघायला येत होते ते. भाजीवाल्याची आरोळी तेवढी येत होती. नेटवर्क, नेटवर्क म्हणून आम्ही ज्या हसण्याला नावं ठेवली, ते तीन चेहरे बघून अंदाजाने हसलेलं हसू होतं. बाबांनी ते थोडे दिवस केलं आणि त्यांची पाठ वाकली. हा माणूस डाळिंबाच्या बागेतून रोज चार वाजता येत होता, एक शब्द कळत नसताना, आणि कंटाळला नव्हता.

त्याच्या पुढच्या दिवशी मी स्वयंपाकघरात खरंच लाडवाचं बेसन भाजत होते. चार वाजून गेले आणि घरात आवाज नाही. मी कान देऊन ऐकलं. काहीच नाही. पुन्हा गेलं, असं म्हणत मी गॅस बंद केला आणि झारा हातात घेऊनच आतल्या खोलीकडे धावले.

आवाज होता. पंचवटीचा रिक्षाचा भोंगा होता, कोणाच्या तरी पंख्याची घरघर होती. बोलत मात्र कोणीच नव्हतं. पडद्यावर तीन म्हातारे आणि खुर्चीत एक, चौघांचे हात हवेत चालले होते. कोणी प्रेसचा साचा बदलत होतं, कोणी चहा मागत होतं. पंचवटीच्या काकांनी गळ्याशी टायची गाठ आवळली, आणि चौघंही एकदम ताठ बसले.

बाबांना मी दारात दिसले. झाऱ्याकडे बघून त्यांना काय वाटलं कोण जाणे. त्यांनी एक बोट वर करून हवेत गोल फिरवलं. चालू.

आणि सटाण्याचे काका हसले. सगळ्यांच्या आधी.